माझ्या वतीने बोलणारे तुम्ही कोण?

मी मुसलमान आहे, बाई आहे, मराठी आहे आणि पोटगीचे, तलाकचे खटले चालवणारी वकील आहे. या चारही नात्यांनी एक गोष्ट जाहीर सांगते : माझ्या वतीने बोलायचा अधिकार मी कुणालाही दिलेला नाही. शरियतचे पहारेकरी म्हणवणाऱ्या मौलानांना दिलेला नाही. मुसलमान बहिणींच्या कळवळ्याने निवडणुकीच्या तोंडावर गहिवरणाऱ्या पुढाऱ्यांना दिलेला नाही. आणि ‘सुधारणेची मागणी तुमच्या समाजातून येऊ दे, मग बघू’ असं म्हणत दोन पिढ्या हाताची घडी घालून बसलेल्या पुरोगामी मित्रांनाही दिलेला नाही. तरी हे सगळे बोलतात, ठरवतात, आणि त्यांनी ठरवलेलं मला भोगावं लागतं.

वेगवेगळ्या धर्मांच्या, रीतिभातींच्या माणसांनी एका राज्यात सुखाने नांदावं, कुणी कुणावर आपली रीत लादू नये, हे मला मान्यच आहे. अल्पसंख्य म्हणून जगताना त्याची किंमत काय, हे मला कुणी शिकवायला नको. माझं भांडण पुढच्या पायरीवर आहे. विविधता जपायची म्हणून सरकार माणसाशी बोलायचं सोडतं आणि जमातीशी बोलू लागतं. जमातीच्या वतीने दारात येऊन उभा राहतो तो तिच्यातला सगळ्यात वजनदार पुरुष. सरकार त्याच्या हातात घराची किल्ली देतं आणि निघून जातं. आत कोण कोंडलेलं आहे, याची चौकशी करायला पुन्हा कुणी येत नाही.

ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड घ्या. डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत मोठं अधिवेशन भरलं, त्यातून १९७३ मध्ये हे बोर्ड उभं राहिलं. संसदेने ते नेमलेलं नाही, मुसलमानांनी मतदान करून निवडलेलं नाही. तरीही मुसलमानांचं म्हणणं काय, हे विचारायला प्रत्येक सरकार आणि प्रत्येक वाहिनी याच दारात जाते. आणि त्यांचं म्हणणं काय असतं? २०१६ साली तोंडी तलाकच्या खटल्यात बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. पुरुषाची निर्णयशक्ती अधिक, म्हणून तलाकचा अधिकार त्याच्याकडे. शिवाय तलाक अवघड केला तर नको झालेल्या बायकोला नवरा मारून टाकेल किंवा जाळेल, म्हणजे झटपट तलाक तिच्याच भल्याचा, असा त्यात युक्तिवाद होता. तो वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बापाला, भावाला, नवऱ्याला तुम्ही संभाव्य खुनी ठरवता, माझ्या जिवाची भीती घालून माझाच हक्क काढून घेता, आणि वर याला धर्मरक्षण म्हणता? मुसलमान पुरुषाची याहून मोठी बदनामी त्याच्या वैऱ्यानेही केली नसेल. पुढे सुनावणीत सांगण्यात आलं की, एका दमात दिलेला तलाक हा गुनाह आहे खरा, पण तो लागू होतो. गुनाह पुरुषाने करायचा आणि घराबाहेर बाईने पडायचं, हा कुठला न्याय?

‘शरियतला हात लावू नका, तो अल्लाचा कायदा आहे’ हे वाक्य मी कोर्टाच्या आवारात, लग्नघरात, टीव्हीवर ऐकत आले आहे. आज भारतात चालणाऱ्या मुस्लिम वैयक्तिक कायद्याचा पाया म्हणजे १९३७ चा एक कायदा, आणि तो इंग्रजांच्या राजवटीत मध्यवर्ती विधिमंडळाने केला. त्याच्या दुसऱ्याच कलमात शेतजमीन वगळलेली आहे. शेती हा प्रांतांचा विषय, हे तांत्रिक कारण होतं. पण परिणाम पाहा : ज्या देशात मालमत्ता म्हणजे मुख्यतः जमीन, तिथे लेकीला वाटा देणारा शरियतचा नियम नेमका जमिनीच्या बांधावर येऊन थांबला. जमीनदारांना ते सोयीचंच होतं. तलाकपुरती शरियत अबाधित, जमिनीच्या वाटणीपुरती नाही. तेव्हा कुणाचा इस्लाम खतऱ्यात आला नाही.

दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, आणखी एक कायदा झाला. हनफी पंथाच्या नियमांनी छळणाऱ्या किंवा परागंदा झालेल्या नवऱ्यापासून सुटणं बाईला जवळजवळ अशक्य होतं. पंजाबातल्या काही बायकांनी त्यावर तोड काढली. धर्मच सोडायचा, म्हणजे निकाह आपोआप मोडतो. तेव्हा उलेमांना जाग आली. मौलाना अश्रफ अली थानवींसारख्या देवबंदी विद्वानाने मालिकी पंथाचे सोयीचे नियम उसने घ्यायला मान्यता दिली, आणि मुसलमान बाईला कोर्टात जाऊन घटस्फोट मागता येईल असा कायदा मंजूर झाला. नुसता धर्म सोडला म्हणून निकाह मोडणार नाही, हेही त्याच कायद्यात घालून घेतलं. म्हणजे बदल करता येतो. जमातीची डोकी कमी होऊ लागली की चटकन करता येतो. बाईचं आयुष्य उद्ध्वस्त होत असेल, तेव्हाच तो अल्लाचा कायदा होतो.

डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हे बिंग फोडलं होतं. वायव्य सरहद्द प्रांतातले मुसलमान १९३५ पर्यंत वारशाच्या बाबतीत हिंदू कायदा पाळत होते आणि मलबारातले मुसलमान मातृवंशीय मरुमक्कथायम पद्धत, हे त्यांनी समान नागरी कायद्याला विरोध करणाऱ्या सदस्यांना तोंडावर सांगितलं. पाकिस्तानात १९६१ पासून तलाक देणाऱ्याला युनियन कौन्सिलच्या अध्यक्षाला लेखी कळवावं लागतं, नव्वद दिवस थांबावं लागतं आणि दुसरी बायको करायची तर परवानगी काढावी लागते. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केलं. तिथले मुसलमान काफिर झाले नाहीत. कराचीच्या बाईला १९६१ मध्ये मिळालेलं संरक्षण भिवंडीच्या बाईला २०१७ पर्यंत मिळू दिलं नाही, याला जबाबदार कोण? याचं उत्तर धर्मग्रंथात शोधू नका. ते आपल्या राजकारणात आहे.

त्या राजकारणाचा सगळ्यात लाजिरवाणा अध्याय म्हणजे शाहबानो प्रकरण. इंदूरच्या वकील नवऱ्याने लग्नाला चार दशकं होऊन गेल्यावर, पाच मुलं झाल्यावर, साठी ओलांडलेल्या बायकोला घराबाहेर काढलं. तिने दंडाधिकाऱ्यांपुढे पोटगी मागितली. मिळाले किती? महिन्याला २५ रुपये. उच्च न्यायालयाने ते वाढवून १७९ रुपये २० पैसे केले. एवढेही द्यायला लागू नयेत म्हणून नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्याचं अपील फेटाळलं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ निराधार बायकोसाठी आहे, तिचा धर्म कोणता हे ते विचारत नाही, असा त्या निकालाचा साधा अर्थ होता. त्यावर देशभर मोर्चे निघाले. हा निकाल मला नको, असं जाहीर पत्र त्या म्हातारीने अंगठा उठवून दिलं. ते तिने आपखुशीने दिलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या कार्यालयात बसून जमातीचे चार पुढारी एखाद्या बाईला ‘समजवायला’ येतात तेव्हा काय होतं ते पाहावं.

आणि लोकसभेत चारशेहून जास्त जागांचं बहुमत असलेल्या सरकारने काय केलं? मे १९८६ मध्ये कायदा करून घटस्फोटित मुसलमान बाईला कलम १२५ मधून जवळपास बाहेर काढलं. इद्दतीपुरता, म्हणजे घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षाकाळापुरता, खर्च नवऱ्याने द्यायचा, पुढे नातेवाइकांनी किंवा वक्फ बोर्डाने पोसायचं. आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपद सोडलं, बाकीच्यांनी मूग गिळले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येत बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं गेलं होतं. एका हाताने मौलानांना बाई दिली, दुसऱ्या हाताने महंतांना मशीद दिली, आणि या व्यवहाराला धर्मनिरपेक्षता म्हटलं. त्याची फळं आपण सगळे आजतागायत खातो आहोत. शाहबानोचे वकील दानियाल लतीफी यांनी त्या कायद्याला आव्हान दिलं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला नाही, पण इद्दतीच्या मुदतीतच बाईच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद नवऱ्याने करायला हवी असा त्याचा अर्थ लावला. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की, घटस्फोटित मुसलमान बाईला कलम १२५ चाही आधार घेता येतो. १९८५ मध्ये जिथे होतो, तिथे परत यायला आम्हाला ३९ वर्षं लागली. मधल्या काळात ज्यांनी हाल काढले, त्यांची भरपाई कोण देणार?

या खटल्यांमधली माणसं नजरेआड झाली की चर्चा फार सोपी होते. म्हणून एक बाई दाखवते. तिशीची, शिवणकाम करणारी, पदरात दोन मुली. नवऱ्याने वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने तलाकची नोटीस पाठवली. एका दमातला तलाक आता बेकायदा आहे, म्हणून हल्ली महिन्याला एक अशा तीन नोटिसा येतात. त्याला तलाक-ए-हसन म्हणतात आणि त्यावर बंदी नाही. पहिलं पाकीट तिने घेतलंच नाही. घेतलं नाही तर तलाक लागत नाही, असं तिला शेजारणीने सांगितलं होतं. पोस्टमनने पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला, आणि नोटीस पोचल्याचा पुरावा म्हणून तोच शेरा नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात दाखल केला. तिच्याकडे निकाहनामा होता, उर्दूत. ती शिकली मराठी शाळेत, आठवीपर्यंत. आपल्या लग्नाच्या कागदावर काय लिहिलं आहे, हे तिला कधीच वाचता आलं नव्हतं. मेहेरच्या, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेच्या, रकान्यात ७८६ रुपये, तेही उधार. शर्तींचा रकाना कोरा. खाली दोन गवाहांच्या सह्या, निकाहात तिच्या वतीने बोलणाऱ्या ‘वकिला’ची सही, आणि कोपऱ्यात तिची मराठी अक्षरांतली सही. मी तो कागद तिला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मी कबूल म्हटल्याशिवाय निकाह लागत नाही. मग मला न विचारता तलाक कसा लागतो?”

देशातल्या सगळ्या दारुल-उलूमांनी आणि सगळ्या विधी आयोगांनी या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं.

कायद्याने तिची बाजू तशी भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात २००२ मध्ये ‘दगडू पठाण विरुद्ध रहिमबी’ या खटल्यात पूर्णपीठाने निकाल दिला : तलाक दिला, असं लेखी म्हणून भागत नाही, त्याला कारण होतं, आधी समेटाचा प्रयत्न झाला, हे नवऱ्याने पुराव्याने सिद्ध केलं पाहिजे. पण हा निकाल तिच्या मोहल्ल्यात कुणी सांगितलेला नाही. निकाह लावणाऱ्या काझीने सांगितलेला नाही, जमातीच्या सदरांनी सांगितलेला नाही. मतं मागायला येणाऱ्या नगरसेवकानेही नाही. हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो आणि बाई तारखेला हेलपाटे घालते. घरभाडं थकतं, थोरलीची शाळा सुटते, आणि मग एक दिवस ती म्हणते, जाऊ द्या, मेहेर सोडते, खुला घेते, म्हणजे स्वतःच फारकत मागते. याला ती राजीखुशीने वेगळी झाली असं लिहितात.

मुसलमान बायकांमधून मागणी येऊ दे, असं म्हणणाऱ्यांना मी १८ एप्रिल १९६६ या तारखेची आठवण करून देते. त्या दिवशी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना एक नागरी कायदा करा, या त्यांच्या मागण्या होत्या. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस, मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिणारा. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि १९७७ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यामागे मेहरुन्निसाभाभींनी काम चालवलं. बहिणीला मिळालेल्या तलाकने पेटून उठलेल्या सय्यदभाईंनी उभं आयुष्य त्यात घातलं. मुसलमान समाजाने त्यांना दगड मारले, बहिष्कार घातला. हे मी लपवणार नाही. पण तेव्हाचे समाजवादी, साम्यवादी, काँग्रेसवाले कुठे होते? व्यासपीठावर हार घालायला होते. विधिमंडळात एक मसुदा मांडायची वेळ आली तेव्हा कुणी नव्हतं. मागणी आतून आली. तीही अर्ध्या शतकापूर्वी आली. त्यानंतर हाजी अलीच्या दर्ग्यात मजारीपर्यंत जाण्याच्या हक्कासाठी भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका उच्च न्यायालयात लढल्या आणि २०१६ मध्ये जिंकल्या. उत्तराखंडची शायराबानो सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी तोंडी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी गेला. आणखी किती आतून मागणी यायला हवी?

आता दुसरीकडे वळते. दलवाईंचं नाव आज सगळ्यात मोठ्याने कोण घेतं? ज्यांनी त्यांचं अर्धंच लिखाण वाचलं ते. दलवाई मुसलमानांच्या जातीयवादावर जेवढे तुटून पडले तेवढेच हिंदूंच्या पुनरुज्जीवनवादाविरुद्धही उभे राहिले. त्यांना हवा होता तो आधुनिक, धर्मनिरपेक्ष देश. मुसलमानांना धडा शिकवणारा देश त्यांनी मागितला नव्हता.

तोंडी तलाक न्यायालयाने रद्द केल्यावर २०१९ मध्ये सरकारने तो गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. जो तलाक कायद्याने लागतच नाही, तो उच्चारल्याबद्दल तुरुंग. हिंदू नवऱ्याने बायको टाकली तर प्रकरण दिवाणी, पोटगीचं. मुसलमान नवऱ्याने टाकली तर पोलीस. तो आत गेला की पोटगी कोण देणार, याची तजवीज त्या कायद्यात नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना नवरा तुरुंगात नको असतो. त्यांना घरभाडं हवं असतं, मुलींच्या शाळेची फी हवी असते, डोक्यावर छप्पर हवं असतं.

ज्यांना मुसलमान बहिणींचा इतका पुळका आहे, त्यांच्याच राज्यात, गुजरातमध्ये, १५ ऑगस्ट २०२२ रोजी बिल्कीस बानोवर सामूहिक बलात्कार करणारे आणि तिच्या घरच्यांचे मुडदे पाडणारे ११ गुन्हेगार सोडले गेले. तुरुंगाबाहेर त्यांना पेढे भरवले, हार घातले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. हा खटला मुंबईत चालला होता, शिक्षा मुंबईत झाली होती. महाराष्ट्राच्या न्यायव्यवस्थेने त्या बाईला जो न्याय दिला, तो गुजरात सरकारने काढून घेतला होता. तेव्हा बहिणींचे हे भाऊ गप्प होते. तोंडी तलाक हा स्त्री-समतेचा प्रश्न आणि शबरीमलात बायकांना प्रवेश हा परंपरेचा प्रश्न, असं देशाच्या पंतप्रधानपदावरून सांगितलं गेलं. जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या एका तरुण संगणक अभियंत्याला, दाढी-टोपीवरून ओळखून जमावाने ठेचून मारलं. त्याच्या आईचं दुःख कुठल्या समान कायद्यात बसतं?

आणि ज्या समान नागरी कायद्याचा डंका वाजतो, तो कितपत समान आहे, हेही पाहू. उत्तराखंडने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मंजूर केला. त्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. म्हणजे काहींच्या परंपरेला सूट देता येते, असं सरकारलाही वाटतं. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या सज्ञान जोडप्यांनी सरकारदरबारी नोंद करायची सक्ती मात्र त्यात आहे. गोव्याचं उदाहरण सगळे देतात. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते, तिथे १९३७ चा शरियत कायदा लागू नाही आणि नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. हे चांगलंच आहे. गोव्यातला मुसलमान त्यामुळे कमी मुसलमान झालेला नाही. पण त्याच गोव्यात हिंदूंच्या चालीरीतींचा १८८० चा हुकूमनामा आहे, आणि मुलगा झाला नाही तर ठरावीक वयानंतर हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायची मुभा त्यात आहे. देशात हिंदू अविभक्त कुटुंबाला आयकरात वेगळी सवलत आहे. ती माझ्या कुटुंबाला नाही. समानता हवी असेल तर ती वहीदेखील उघडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत एकाहून जास्त बायका असलेल्या नवऱ्यांच्या बायकांचं प्रमाण मुसलमानांत १.९ टक्के आणि हिंदूंत १.३ टक्के निघालं. मुसलमानांतलं बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हायलाच हवं, आजच व्हायला हवं. पण ‘हम पाँच, हमारे पच्चीस’ म्हणत टाळ्या घेणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांखालून घालावेत.

शिक्षणात हीच लबाडी आणखी उघड दिसते. मुसलमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे मदरसा येतो. २००६ च्या सच्चर समितीने सांगितलं की शाळकरी वयाची फक्त ३ टक्क्यांच्या आसपास मुसलमान मुलं मदरशांत जातात. त्याच अहवालात लिहिलं होतं की ६ ते १४ वयाची २५ टक्के मुसलमान मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. वादविवाद ३ टक्क्यांवर, आणि २५ टक्क्यांसाठी सगळ्यांची तोंडं बंद. मदरशाचा अभ्यासक्रम काय असावा यावर मौलाना बोलतात, मदरशावर बुलडोझर घाला असं दुसरे बोलतात. महापालिकेच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक का नाही, याबद्दल दोघांनाही देणंघेणं नाही.

महाराष्ट्रात जुलै २०१४ मध्ये अध्यादेश काढून मुसलमानांना ५ टक्के आरक्षण दिलं. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं आरक्षण थांबवलं नाही. राज्याच्या सत्तेवर आलेल्या नव्या सरकारने अध्यादेश मरू दिला. त्यानंतर आलेल्या ‘धर्मनिरपेक्ष’ आघाडीने २०२० मध्ये विधिमंडळात घोषणा केली आणि विषय भिजत ठेवला. शिक्षणाचं दार न्यायालयाने उघडं ठेवलं होतं. ते दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांनी मिळून बंद केलं. केंद्राने २०२२ मध्ये पीएचडी करणाऱ्या अल्पसंख्य विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली, आठवीपर्यंतच्या मुलांची शिष्यवृत्ती बंद केली. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीनुसार मुसलमान विद्यार्थ्यांची संख्या २०१९-२० मधल्या सुमारे २१ लाखांवरून पुढच्याच वर्षी सुमारे १९ लाखांवर आली. ‘बेटी पढाओ’च्या फलकावर ज्या मुलीचा चेहरा आहे, तिच्या वहीचे पैसे तुम्ही काढून घेतलेत.

हिजाबचं प्रकरण तर या सगळ्याचा कळस. उडुपीतल्या महाविद्यालयात मुलींना डोक्यावरच्या रुमालासाठी फाटकाबाहेर उभं केलं, कर्नाटकात वर्ष गेलं, परीक्षा बुडाल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्या बंदीला काही प्रमाणात स्थगिती देताना विचारलं, टिकली-टिळ्यावरही बंदी घालणार का? माझं मत स्पष्ट आहे. मी हिजाब घेत नाही. बाईने आपलं डोकं झाकलंच पाहिजे, नाही तर ती बिघडलेली, हे सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे आणि मरेपर्यंत राहील. इराणच्या मुलींनी २०२२ मध्ये जीव देऊन तेच भांडण मांडलं. पण घरच्यांनी रुमाल बांधून का होईना शाळेत पाठवलेल्या मुलीला फाटकातून परत पाठवणारं सरकार कुणाच्या बाजूचं आहे? ते तिला नेमकं त्या मौलानाच्या हवाली करतं, ज्याला मुली शाळेत नकोच होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये जमियत उलेमा-ए-हिंदचे मौलाना अर्शद मदनी मुलींना सहशिक्षणाच्या संस्थांत पाठवू नका, असं सांगत होते. सहा महिन्यांत सरकारनेच त्यांचं काम करून दिलं. मुलगी शिकली तर रुमाल ठेवायचा की काढायचा, हे ती स्वतः ठरवेल. ते ठरवायला तिला तुमची गरज नाही. तिला गरज आहे ती वर्गातल्या बाकाची.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांतात धार्मिक लवादाला कायद्याने जागा होती. मुसलमानांचे कौटुंबिक तंटे शरियतच्या लवादाने सोडवावेत अशी मागणी २००३ मध्ये पुढे आली. तेव्हा विरोधाला रस्त्यावर उतरल्या त्या मुसलमान देशांतून पळून आलेल्या बायका. आम्ही ज्याच्यापासून पळालो तेच तुम्ही सहिष्णुता म्हणून आमच्या गळ्यात बांधता, हे त्यांचं म्हणणं होतं. २००५ मध्ये प्रांताच्या सरकारने निर्णय घेतला : कौटुंबिक बाबतीत लवाद कुठल्याच धर्माचा चालणार नाही, ज्यूंचा नाही, ख्रिश्चनांचा नाही, मुसलमानांचाही नाही. कायदा एकच, आणि त्यातून कुणाला वेगळं काढलं नाही, कुणाला वेगळं झोडपलंही नाही. हे जमतं. त्यासाठी सरकारच्या मनात मुसलमानांची भीतीही नको आणि मतांची हावही नको.

मला काय हवं आहे, ते मी आकांडतांडव न करता मांडते. निकाहनामा मराठीत छापा, त्याची नोंदणी सक्तीची करा, आणि मेहेर व शर्तींचे रकाने भरल्याशिवाय नोंद घेऊ नका. घटस्फोट कुठल्याही धर्माचा असो, तो न्यायालयातूनच होऊ द्या. टपालाने लग्न मोडायची पद्धत बंद करा. बहुपत्नीत्व मुसलमानांत बंद करा, आणि गोव्याच्या हिंदूंना दिलेली मुभाही त्याच दिवशी काढा. लेकीला लेकाइतका वाटा द्या. केरळमधल्या एका मुसलमान वकिलाने ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. फक्त मुलीच असलेल्या बापाच्या मालमत्तेत त्याच्या भावांना वाटा जातो, म्हणून लेकींसाठी त्याला हे करावं लागलं. बापाला एवढी धडपड करावी लागू नये. १९५४ चा तो विशेष विवाह कायदा सुधारा. जोडप्याची नावं-पत्ते तीस दिवस सरकारी कार्यालयाच्या फलकावर टांगायची त्यातली तरतूद गुंडांना आमंत्रण देते. ती काढा. वडिलोपार्जित पक्षपाताचं दुखणं हिंदू, ख्रिश्चन, पारशी, सगळ्यांच्या कायद्यात आहे. तिथेही हात घाला. आणि या सगळ्याच्या आधी मुलींच्या शिष्यवृत्त्या परत सुरू करा, न्यायालयाने मान्य ठेवलेलं शिक्षणातलं आरक्षण द्या. न शिकलेल्या बाईच्या हातात जगातला सर्वोत्तम कायदा दिला तरी तो तिला वाचता येणार नाही.

मौलानांना माझं सांगणं आहे : अल्लापुढे जाब मी माझा देईन, तुम्ही तुमचा द्या. मध्ये अडत्याची गरज नाही. हिंदुत्ववाल्यांना सांगते : माझ्या हक्काचा सोटा करून माझ्याच भावाच्या पाठीत घालू नका, मी त्याला हात लावू देणार नाही. पुरोगामी मित्रांनो, मुसलमानांवरच्या अन्यायाविरुद्ध तुम्ही उभे राहता, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण मुसलमान बाईवरच्या अन्यायाची वेळ आली की तुम्हाला ‘योग्य वेळ’ आठवते. ती वेळ १९६६ मध्ये आली होती, १९८५ मध्ये आली होती, आणि ती तुम्ही दवडली म्हणून आज हा विषय ज्यांच्या हातात जायला नको होता त्यांच्या हातात आहे.

सरकारला काही विचारायचं असेल तर मसुदा मराठीत छापावा आणि मला पाठवावा. माझं नाव मतदारयादीत आहे, पत्ता आधारकार्डावर आहे, मी कर भरते. माझ्यापर्यंत पोचायला कुणा मौलानाची चिठ्ठी लागत नाही आणि कुणा पुढाऱ्याची मेहेरबानी लागत नाही. मला विचारा. माझं उत्तर मी माझ्या सहीने देईन.